रेषेवरचे दोन विक्रेते: अर्थशास्त्राच्या नव्या शिक्षकाला पत्र

प्रिय,

अल्पाधिकाराचं, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजाराचं, प्रकरण या सत्रात तुझ्याकडे आलं आहे आणि त्यातला विक्रेत्यांच्या जागेचा भाग वर्गात कसा मांडावा, असं तू विचारलं आहेस. बहुतेक पाठ्यपुस्तकं तो दीड-दोन पानांत उरकतात. एक समुद्रकिनारा, दोन आइस्क्रीमवाले, गिऱ्हाईक ओढण्यासाठी दोघंही सरकत सरकत मध्यावर येतात आणि पाठीला पाठ लावून उभे राहतात. खाली निष्कर्ष: स्पर्धक एकमेकांसारखे होत जातात. गोष्ट चटकन समजते, वर्गाला आवडते, आणि नेमकं तिथेच बिनसतं. गोष्ट लक्षात राहते, अट विसरली जाते. दोघांची किंमत आधीच ठरलेली आहे आणि ती कोणालाही बदलता येत नाही, ही ती अट. ती काढून टाकली की रेषा तीच, विक्रेते तेच, आणि उत्तर उलटं येऊ शकतं. म्हणून जागेबद्दलचं कुठलंही विधान फळ्यावर लिहिलंस की त्याच्या शेजारी तीन गोष्टी लिही: किंमत कोण ठरवतं, ती जागेच्या आधी ठरते की नंतर, आणि अंतराबरोबर प्रवासाचा खर्च कसा वाढतो. या तीन ओळींशिवाय केलेलं विधान अपुरं नव्हे, चूकच धरावं, असं माझं मत आहे.

इतिहास पाच मिनिटांत आटप. हॅरॉल्ड हॉटेलिंगचा 'स्टॅबिलिटी इन कॉम्पिटिशन' हा लेख 1929 मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला. फ्रेंच गणिती बर्ट्रांडने 1883 मध्ये मांडलेल्या चित्रात एकाने किंमत किंचित उतरवली की झाडून सगळे ग्राहक त्याच्याकडे जातात. हॉटेलिंगला हे पटत नव्हतं. महाग दुकानही चालतं, कारण ते कोणाला तरी जवळ पडतं. मध्ये अंतर आणलं की मागणी एका झटक्यात न पळता थोडी थोडी सरकते आणि स्पर्धेला स्थैर्य येतं, असा त्याचा दावा होता. अंतर आणि किंमत यांचा असा मेळ जर्मन अभियंता विल्हेल्म लाउनहार्ट याने 1885 मध्येच घातला होता, पण ते काम बराच काळ फारसं कोणी वाचलं नाही. आणखी एक सांगून टाक: हॉटेलिंगच्या लेखात समुद्रकिनारा नाही. त्याची रेषा म्हणजे गावातला मुख्य रस्ता किंवा खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला रेल्वेमार्ग. किनारा पुढच्या शिकवणाऱ्यांनी आणला. हॉटेलिंगने मात्र त्याच रेषेवर सायडरचा गोडवा बसवला, अमेरिकेतले दोन मोठे पक्ष बसवले, निरनिराळ्या पंथांची चर्चही बसवली. अंतर म्हणजे फक्त रस्त्यावरचं अंतर नव्हे, हे तिथपासूनच आहे.

पहिली तासिका खेळाला दे. फळ्यावर 0 ते 100 अशी रेष आख, दर पाचावर बारीक खूण, दर पंचविसावर ठळक. दोन रंगांचे खडू आणि शेजारी हिशेबाचा तक्ता. ग्राहक 100, रेषेवर सारखे विखुरलेले. प्रत्येकजण एकच नग घेतो आणि जो विक्रेता जवळ त्याच्याकडूनच घेतो. किंमत दोघांची सारखी. खेळ सुरू करण्याआधी नियम लिहून ठेव, कारण वर्गातली भांडणं नियमांवरूनच होतात. एकाच खुणेवर दोघं उभे असतील तर ग्राहक निम्मे निम्मे. एका वेळी एकानेच हलायचं. एका चालीत कितीही दूर जाता येतं, समोरच्याला ओलांडूनसुद्धा. हा शेवटचा नियम किरकोळ वाटतो, पण 'पाच-पाच घरं सरका, ओलांडू नका' असं सांगितलंस तर दोन विक्रेत्यांचं उत्तर तेच येतं आणि तिसरा आला की खेळ फसतो. मधल्याला उडी मारता आली नाही तर तीन विक्रेत्यांतली खरी गंमत दिसतच नाही.

सुरुवात 20 आणि 70 पासून कर. सीमारेषा म्हणजे दोन जागांची सरासरी, हे वर्गाकडूनच काढून घे: 45. डाव्याला 45 ग्राहक, उजव्याला 55. आता चाल डाव्याची. हुशार विद्यार्थी थेट 69 वर उडी मारेल आणि 69.5 ग्राहक घेईल. दुसरा लगेच 68 वर येऊन 68.5 घेईल. पुढच्या प्रत्येक चालीत फायदा थोडा थोडा आटत जातो आणि दोघं 50 पाशी थांबतात. इथे कोणी तरी 'पहिल्याच चालीत 50 वर का नाही जायचं?' असं विचारतं. त्याला उत्तर देऊ नको. त्यालाच 50 वर उभं कर आणि वर्गाला सांग, याला इथून हलवून दाखवा. 50 सोडून जो कुठे उभा राहील त्याला निम्म्याहून कमीच मिळतात. एकट्याने हलून कोणाचाच फायदा होत नाही अशी जागा म्हणजे समतोल, ही व्याख्या त्या क्षणी सांग. आधी सांगितली तर ती पाठ होते आणि तिथेच संपते.

याच टप्प्यावर समाजाचा हिशेब मांड. दोघं 50 वर असताना ग्राहकाला सरासरी 25 अंतर चालावं लागतं. तेच दोघं 25 आणि 75 वर असते तर 12.5. दोघांचे ग्राहक तेवढेच, 50-50, नफा तेवढाच, लोकांचं चालणं मात्र दुप्पट. मग विचार: दोघं 0 आणि 100 वर गेले तर? उत्तर पुन्हा 25. अगदी चिकटून उभं राहणं आणि अगदी टोकाला जाणं या दोन्हींत लोकांचे पाय सारखेच दुखतात. हा आकडा वहीत नक्की उतरवून घे. दुसऱ्या तासिकेला तो लागणार आहे.

तिसरा विक्रेता आण आणि गप्प बस. तिघं 50 वर असले तर प्रत्येकाला 33.3, एक जण 51 वर गेला की त्याला 49.5 आणि उरलेल्या दोघांना 25.25. म्हणून कोणी तरी हलणारच. कडेचे दोघं मधल्याला दाबत आणतात, मधला गुदमरतो आणि उडी मारून कडेला जातो. मग जो नव्याने मध्ये सापडला तो उडी मारतो. विसावा नाहीच. आबा लर्नर आणि सिंगर यांनी 1937 मध्ये ही अडचण नीट मांडली. विद्यार्थी म्हणतील, 'सर/मॅडम, उत्तर काय?' उत्तर हेच की ठरावीक जागांचा समतोल इथे अस्तित्वात नाही. पुढे शेकेड यांनी 1982 मध्ये दाखवलं की तिघांनी 25 ते 75 या पट्ट्यातून यदृच्छेने, सारख्या शक्यतेने जागा निवडली तर समतोल मिळतो. पदवीच्या वर्गाला हे एका वाक्यात सांगावं, सिद्ध करू नये. चार विक्रेते घेतलेस की शांतता परत येते: दोन 25 वर, दोन 75 वर. पाच असतील तर दोन 16⅔ वर, एक 50 वर, दोन 83⅓ वर, आणि मधल्याला एकट्याला 33⅓ ग्राहक मिळतात, बाकीच्यांना प्रत्येकी 16⅔. वर्गाला हे अन्यायाचं वाटतं. समतोल म्हणजे न्याय नव्हे, हे सांगायला यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही.

वेळ उरला तर अजून एक फेरी खेळ, माझ्या मते ही सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी शिकवली जाणारी. विक्रेते पुन्हा दोनच. नवा नियम: 30 पेक्षा जास्त अंतर असेल तर ग्राहक घरीच बसतो, काहीच घेत नाही. आता दोघं मध्यावर येत नाहीत. ते 30 आणि 70 वर थांबतात. का, ते चालीचालीने तपासायला लाव: डावा 30 वरून 31 वर गेला तर मधल्या बाजूला त्याला अर्धा ग्राहक मिळतो, पण डाव्या टोकाचा एक अख्खा ग्राहक सुटतो. मिळकत अर्धी, तोटा पूर्ण. 30 च्या अलीकडे असताना मात्र टोक सुटत नसतं, म्हणून तिथपर्यंत आत येणं परवडतं. सरासरी चालणं किती? 13. सर्वांत उत्तम 12.5 होतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. ग्राहकाला 'नको' म्हणायची मुभा दिली, एवढ्यानेच बाजार लोकांच्या सोयीपाशी आला. आर्थर स्मिदीज यांनी 1941 मध्ये लवचीक मागणी (खर्च वाढला की घटणारी) घेऊन हाच मुद्दा मांडला होता. मर्यादा 50 किंवा त्याहून जास्त ठेवलीस की पुन्हा मध्य.

या खेळात बिघडतं ते बहुधा एकाच कारणाने: फळ्यापाशी दोघं खेळतात आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक होतो. प्रत्येक बाकाला स्वतःची कागदी पट्टी दे, एका बाकावरचे दोघं प्रतिस्पर्धी, आणि दहा चालींनंतर सगळ्या बाकांच्या शेवटच्या जागा फळ्यावर टिंबांनी मांड. काही बाकं 50 पर्यंत पोचलेली नसतात. काहींनी आपसात 25-75 ठरवून टाकलेलं असतं. त्यांना चूक म्हणू नको. संगनमत प्रकरण दोन तासिकांनी येणारच आहे. ही टिंबं तोपर्यंत जपून ठेव.

दुसरी तासिका किमतीची. इथे खेळ कमी, हिशेब जास्त. तीच रेष, तेच 100 ग्राहक, उत्पादन खर्च शून्य, प्रवास खर्च दर एकक अंतराला 1. डावा विक्रेता डाव्या टोकापासून 'अ' अंतरावर, उजवा उजव्या टोकापासून 'ब' अंतरावर. किमती क1 आणि क2. ग्राहक किंमत अधिक प्रवास खर्च यांची बेरीज बघतो. सीमेवरच्या ग्राहकाला दोन्हीकडची बेरीज सारखी, या एका समीकरणातून डाव्याचे ग्राहक निघतात: ½ × (100 + अ − ब + क2 − क1). दोघांनी आपापला नफा कमाल केला की क1 = 100 + (अ − ब)/3 आणि क2 = 100 − (अ − ब)/3. पायऱ्या गाळू नको. सीमेचं समीकरण, मागणी, नफा, अवकलन, दोन समीकरणं, या क्रमाने पाच ओळी होतात. हॉटेलिंगचं स्वतःचं उदाहरण पडताळायला दे: रेषेची लांबी 35, अ = 4, ब = 1. सूत्रातल्या 100 च्या जागी 35 घातलं की किमती 36 आणि 34, ग्राहक 18 आणि 17, नफा 648 आणि 578. आकडे जुळले की वर्गाचा स्वतःच्या हातावर विश्वास बसतो.

आता सापळा. सूत्राप्रमाणे डाव्याचा नफा ½ × (100 + (अ − ब)/3)² इतका येतो, म्हणजे 'अ' वाढवत नेला की नफा वाढतच जातो. हॉटेलिंगने यातूनच निष्कर्ष काढला की किमती मोकळ्या असल्या तरी विक्रेते एकमेकांकडे सरकतील. विद्यार्थीही हाच निष्कर्ष काढतील; काढू दे. मग त्यांना तीन जागांचा तक्ता करायला सांग. प्रत्येक वेळी अ = ब, म्हणून सूत्राने किंमत 100, ग्राहक 50, नफा 5000. प्रश्न असा: एकाने किंमत इतकी उतरवली की समोरच्याच्या दारातला माणूसही आपल्याकडे यावा, तर? त्यासाठी दोघांमधल्या अंतराहून किंचित जास्त सूट द्यावी लागते. आणि दारातला माणूस आला की त्याच्या पाठीमागचा सगळा मुलूखही येतो, कारण त्या लोकांना दोन्ही दुकानांपर्यंतचा जादा रस्ता सारखाच आहे. मागणी तिथे सरकत नाही, तुटते.

अ = ब = 20 घे. मधलं अंतर 60, किंमत 40 च्या किंचित खाली आणावी लागेल, सगळे 100 ग्राहक मिळतील, नफा जवळजवळ 4000. पाच हजारांपेक्षा कमी, म्हणून कोणी या वाटेला जात नाही. अ = ब = 30 घे. अंतर 40, किंमत 60 च्या किंचित खाली, नफा जवळजवळ 6000. आता मोह आवरत नाही. आणि अ = ब = 25 ला दोन्ही हिशेब बरोबरीत, 5000 ला 5000. म्हणजे समोरासमोर सारख्या अंतरावर असलेले दोघं बाहेरच्या चतुर्थांशांत असतील तोवरच सूत्र खरं. आत आले की सूत्राने दिलेली किंमत टिकत नाही. विक्रेते मध्याकडे सरकतील हे सांगणारं सूत्र मध्याजवळ लागूच पडत नाही. लेख प्रसिद्ध झाल्यावर बरोबर 50 वर्षांनी, 1979 मध्ये, द'आस्प्रमाँ, गाब्शेविच आणि तिस या तिघांनी 'इकॉनोमेट्रिका'मधल्या छोट्याशा लेखात हे नेमकेपणाने दाखवलं. अर्धशतक ज्याचा दाखला दिला गेला त्या लेखातली भेग तीन ओळींच्या तक्त्यात दिसते, यातून वर्गाला जो धीर येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही.

'टिकत नाही' म्हणजे काय होतं, हेही खेळून दाखवता येतं. दोघांना 40 आणि 60 वर पक्कं उभं कर, किंमत पूर्णांकातच ठेव, सुरुवात दोघांची 100. पहिला 79 वर येतो आणि सगळे ग्राहक नेतो, 7900. दुसरा 58 वर येतो, 5800. पहिला 37 वर, 3700. आता दुसऱ्याने अजून खाली 16 वर जावं तर 1600 मिळतात; त्याऐवजी किंमत वर नेऊन 56 केली तर पाठीमागचे लोक आणि थोडेसे समोरचे असे 40.5 ग्राहक टिकतात आणि 2268 मिळतात. तो वर जातो. लगेच पहिल्याचा हिशेब बदलतो, कारण 56 च्या समोर 35 ला पुन्हा सगळेच मिळतात. असं ते चालूच राहतं. गणकयंत्र हातात नसेल तर ही फेरी कंटाळवाणी होते, म्हणून दोन-दोन जणांत एक नफा मोजणारा आणि एक किंमत सांगणारा अशी वाटणी कर.

तुटकपणाची अडचण टाळायची तर प्रवास खर्च अंतराच्या वर्गाने वाढतो असं धरतात. आपल्या रेषेवर खर्च = अंतराचा वर्ग भागिले 100 ठेव: 10 अंतराला 1, 50 ला 25, 100 ला 100. आता कुठल्याही दोन जागांना किमतींचा समतोल मिळतो. खेळ दोन टप्प्यांचा: आधी जागा, मग किंमत. हा क्रम का, तेही सांग: किंमत उद्या बदलता येते, दुकान नाही. दोघं टोकांना असताना किंमत 100, ग्राहक 50, नफा 5000. डावा 10 अंतर आत आला आणि दोघांनी किमती नव्याने ठरवल्या तर डाव्याची किंमत 93, उजव्याची 87. डाव्याचे ग्राहक 51⅔ झाले, म्हणजे वाढले. नफा मात्र 4805. उजव्याचा नफा तर 4205. ग्राहक जिंकला, नफा हरला. दोन ओढी इथे एकाच ओळीत दिसतात: ग्राहकांसाठी आत यावंसं वाटतं, किंमतयुद्ध टाळण्यासाठी दूर राहावंसं वाटतं, आणि या विशिष्ट गृहीतकांत दुसरी ओढ नेहमीच भारी पडते. विक्रेते टोकांना जातात. आधीच्या तासिकेतला सरासरी 25 चा आकडा आता काढ. बांधलेल्या किमतीत दोघं मध्यावर आणि मोकळ्या किमतीत दोघं टोकांना. दोन्हीकडे लोकांचं चालणं तेवढंच वाईट.

यानंतर एखादा विद्यार्थी हमखास विचारेल: मग एकाच प्रकारची दुकानं एकाच गल्लीत शेजारी-शेजारी का दिसतात? या प्रश्नाला 'हॉटेलिंग' हे उत्तर देऊ नको. ही या विषयातली सर्वांत पसरलेली चूक आहे. शेजारी-शेजारी असण्याला बरीच कारणं असतात. ग्राहकाला घेण्याआधी चार ठिकाणी बघायचं असतं, म्हणून तो एकट्या दुकानाकडे फिरकत नाही. माल पुरवणारे, दुरुस्ती करणारे, कुशल कामगार तिथेच असतात. परवाना त्याच भागाला मिळतो. किंवा स्टेशन, चौक, बंदर तिथे असतं. मध्याची ओढ हे कारण मानायचं तर आधी तपासावं की विक्रेत्याच्या हातात किंमत आहे का. उत्पादकाने किंवा सरकारने किंमत बांधून दिली असेल तर पहिल्या तासिकेचा निष्कर्ष तिथे जवळपास लागू होतो. विक्रेते स्वतः किंमत ठरवतात आणि तरीही चिकटून बसलेले असतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांचा माल वेगळा असतो किंवा ग्राहक तुलना करायला आलेला असतो. गृहपाठ याच्यावर दे: एका प्रकारच्या विक्रेत्यांचा कच्चा नकाशा, प्रत्येकाशेजारी एकच नोंद, किंमत कोण ठरवतं. मोजमाप पावलांनी केलं तरी चालेल. निष्कर्षाला कमी गुण, नोंदीला जास्त.

किंमत अजिबात नसलेली एक मोठी स्पर्धा आहे, निवडणुकीची. म्हणूनच हॉटेलिंगचं मध्याकडे सरकणं तिथे दुकानांपेक्षा चांगलं बसतं. डंकन ब्लॅक यांनी 1948 मध्ये आणि अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये ते पुढे नेलं. इथे एकच गोष्ट नीट शिकव: मध्य म्हणजे रेषेचा मध्य नव्हे, मतदारांचा मध्यक, म्हणजे सगळे क्रमाने उभे केले की बरोबर मधला येतो त्याची जागा. पाच मतदार 10, 20, 20, 30 आणि 90 वर ठेव. सरासरी 34, मध्यक 20. एक उमेदवार 34 वर, दुसरा 20 वर; सीमा 27. वीसवाल्याला तीन मतं, चौतीसवाल्याला दोन. सरासरी आणि मध्यक यांची गल्लत सांख्यिकीच्या तासिकेत जी सुटत नाही ती इथे सुटते. आणि तिसरा पक्ष उतरला की काय होतं, ते वर्गाने आधीच पाहिलेलं आहे.

वर्तुळाकार बाजाराला अर्धी तासिका पुरे. स्टीव्हन सालॉप यांचा लेखही 1979 चाच. रेषेला टोकं असतात, वर्तुळाला नसतात, म्हणून तिथे 'कुठे उभं राहावं' हा प्रश्न बाजूला पडतो आणि 'किती दुकानं निघतील' हा पुढे येतो. परीघ 1, ग्राहक 1 एकक, प्रवास खर्चाचा दर आणि दुकान उघडण्याचा स्थिर खर्च यांचं गुणोत्तर 100 धर. मुक्त प्रवेश असेल तर दुकानांची संख्या त्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे 10. समाजाचा एकूण खर्च किमान करणारी संख्या त्याच्या निम्मी, 5. कारण नवा दुकानदार शेजाऱ्यांकडून ओढलेले ग्राहकही आपल्या कमाईत धरतो. समाजाच्या दृष्टीने ती नुसती अदलाबदल आहे. मात्र 'स्पर्धा नेहमीच जादा दुकानं उघडते' असं वाक्य वहीत जाऊ देऊ नको. ते या प्रतिमानातलं उत्तर आहे. ग्राहकांना विविधतेचीच आवड असेल तर हिशेब वेगळा येतो.

परीक्षेत 'हॉटेलिंगचं प्रतिमान स्पष्ट करा' हा प्रश्न टाळ. त्याचं उत्तर पाठ करता येतं. त्याऐवजी असं विचार: 'लांबी 100, प्रवास खर्च एकक अंतराला 1, विक्रेते 35 आणि 65 वर, दोघांची किंमत 100. हा समतोल आहे का?' अंतर 30, म्हणून सूट 30 च्या किंचित वर. किंमत 70 च्या किंचित खाली, नफा जवळजवळ 7000, आणि समतोल नाही. अवकलनाची अट पूर्ण होते म्हणून 'आहे' लिहिणारे निम्मे तरी निघतील. त्यांनी पायऱ्या बरोबर लिहिल्या असतील तर निम्मे गुण दे, कारण त्यांची चूक गणिताची नाही. नफ्याचा आलेख शेवटपर्यंत बघितला नाही, एवढीच आहे. उत्तरपत्रिका परत करताना तो आलेख फळ्यावर काढ: समोरची किंमत 100 धरून आडव्या अक्षावर आपली किंमत, उभ्यावर नफा. 100 पाशी गोल माथा, उंची 5000. डावीकडे 70 पाशी अचानक उभी उडी, जवळजवळ 7000 पर्यंत. उडीच्या बिंदूवर पोकळ वर्तुळ काढायला विसरू नको, कारण नेमक्या 70 ला समोरच्याच्या दारातला माणूस आणि त्याच्या मागचे लोक अजून द्विधा असतात.

कळावे, लोभ असावा.